पेशंटच्या वतीने

सोलापूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

जय भीम. तुमच्या घरी फोन करण्यात अर्थ नाही, हे मला आता पुरतं कळलंय. फोन नागनाथ काका उचलणार, मी 'हॅलो' म्हणायच्या आत स्पीकर लावणार, आणि 'मावशी कशी आहे?' म्हटलं की 'एकदम फर्स्ट क्लास, काळजी नको' असं सांगून ठेवूनही देणार. तीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्या पुकारलेल्या माणसाला, कधीकधी दुसऱ्यालाही बोलू द्यायचं असतं, हे शिकवणार कोण? पण दुसऱ्याच्या नावाचं पाकीट ते कधी फोडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. म्हणून पत्र लिहितेय.

तुझ्याकडे काम आहे. नर्सिंग कॉलेजात शिकवता शिकवता माझं पीएच.डी. चाललंय, ते तुला माहीत आहेच. अमेरिकेतली एक प्रश्नावली आहे. कॅन्सरच्या बाईला दवाखान्यात स्वतःसाठी किती बोलता येतं ते त्यात मोजतात. तिला डॉक्टरांना विचारता येतं का, त्रास सांगता येतो का, नको असेल तर नको म्हणता येतं का. वीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'अजिबात सहमत नाही'पर्यंत. मी ती मराठीत आणलीय. पण नुसतं भाषांतर करून भागत नाही. परगावाहून आणलेला काटा इथल्या वजनांनी तपासून घेतात ना, तसा हा मराठी कागद खरंच तेच मोजतो का, हे आपल्या बायकांवर वापरून सिद्ध करावं लागतं.

आधीच्या भाषांतरकाराने वर मथळा दिला होता 'स्व-वकिली'. दोघी जणींनी कागद हातातच घेतला नाही, त्यांना तो कोर्टाचा वाटला. मी आता 'स्वतःची बाजू मांडणे' असं केलंय.

तू दोन गोष्टी कर. एक, लाल पेन घेऊन बस आणि मराठीची बाई म्हणून सोलून काढ. दुसरी, तू स्वतः यातून गेलीस. ऑपरेशनला अडीच वर्षं झाली, डिसेंबरची तपासणीही चांगली झाली असं काका म्हणाले. तर एक कागद स्वतःसाठी भरून पाठव. तुझी उत्तरं मी अभ्यासात धरणार नाही, मला फक्त भरताना तू कुठे अडतेस ते बघायचंय.

तुझी,
बुद्धप्रिया


नातेपुते,
१५ जानेवारी २०२५

चिरंजीव प्रिया,

जय भीम. लाल पेन संपलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

'आरोग्यसेवा पुरवठादार' हे कोण गं? सिलिंडर आणून देणारा असतो तसा का? तिथे 'डॉक्टर आणि सिस्टर' लिही. तिसरं वाक्य इतकं लांब आहे की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते, त्याचे दोन तुकडे कर. आणि 'काहीसे सहमत' व 'बऱ्यापैकी सहमत' यांत फरक काय? चौतीस वर्षं मराठी शिकवली, मला सांगता येणार नाही. करमाळ्याच्या बाजारातून आलेल्या बाईला कसा सांगता येईल?

मथळा चांगला आहे, ठेव.

स्वतःचा कागदही भरलाय. वीसच्या वीस वाक्यांना 'पूर्ण सहमत'. पैकीच्या पैकी गुण मी शाळेत कुणाला दिले नाहीत, ते म्हातारपणी स्वतःला दिले. सातव्या वाक्यापाशी जरा अडले, खोडरबर वापरलाय, कागद खराब दिसत असेल तर माफ कर.

काका मजेत आहेत. सकाळपासून पोस्टमनला तुझं पत्र कसं तीन दिवसांत आलं आणि पूर्वी कसं दोन दिवसांत यायचं ते सांगतायत. त्यालाही बोलायचं होतं काहीतरी, पण संधी मिळाली नाही.

तुझी मावशी,
राजश्री


सोलापूर,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

मी बुडाले. तुझ्या दुरुस्त्या घालून कागद छापला, दवाखान्याची परवानगी काढली, बत्तीस बायकांना वाटला. मी वॉर्डात जाऊन आले तोवर बाकांवर बसून त्यांनी भरला आणि तासाभरात बत्तीसही माझ्या हातात आले. मी खुशीत घरी आले आणि जेवून मोजायला बसले. सगळ्याच्या सगळ्या वाक्यांना, सगळ्याच्या सगळ्या बायकांचं 'पूर्ण सहमत'.

माझ्या मार्गदर्शक सिद्धेश्वरी मॅडम म्हणाल्या, सोलापूर जिल्ह्यातल्या बायका दवाखान्यात इतक्या बोलत असत्या तर आपल्याला या विषयाची गरजच पडली नसती. खरंच आहे. ज्या काट्यावर काहीही ठेवलं तरी पाच किलोच भरतं, तो काटा कसला? मार्चमध्ये समितीपुढे चाचणी दाखवायची आहे. तोवर हे सुधारलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्ष गेलं. भाषांतर चुकलं की वाक्यं चुकली की मीच चुकले, तेच कळत नाही. कागदांच्या प्रती पाठवतेय, नावं त्यांत नाहीत, फक्त क्रमांक आहेत. तुझ्या नजरेला काही दिसतंय का बघ.

आणि आता तुझा कागद. वैतागून मी तोही काढला, कारण तुझेही पैकीच्या पैकी. सातवं वाक्य आहे, 'मला त्रास होत असेल तर मी डॉक्टरांना स्वतःहून सांगते.' कागद खिडकीशी धरला. खोडलेली खूण शेवटच्या चौकोनात दिसते.

मावशी, तू काय सांगितलं नाहीस?

बुद्धप्रिया


नातेपुते,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रिया,

आधी तुझे कागद. बत्तीस बायका आणि हात मात्र एकच. खूण बघ, शेपटी वर ओढून शेवटी एक बारीक टिंब दिलंय. बत्तीस जणींना एकाच गुरुजींनी शिकवलं असतं तरी असं होत नाही. स्कॉलरशिपचे पेपर तपासण्यात माझा जन्म गेला, कॉपी मला लांबूनच कळते. तुझी वाक्यं चुकलेली नाहीत. ती त्या बायकांपर्यंत पोचलीच नाहीत. कुणीतरी बसून सगळ्यांचे कागद भरलेत, त्याला शोध.

आता सातवं.

धम्मचक्र दिनाला पांढरी साडी नेसत होते, तेव्हा ऑपरेशनच्या वणाखाली, काखेच्या बाजूला काहीतरी हाताला लागलं. तुरीच्या दाण्याएवढं. आता चिंचोक्याएवढं झालंय. दुखत नाही, आणि दुखत नाही याचीच मला भीती वाटते, कारण पहिली गाठही दुखत नव्हती. डिसेंबरात तपासणीला आलो त्या दिवशी तपासणाऱ्या मॅडम रजेवर होत्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, काही त्रास? मी तोंड उघडायच्या आत तुझे काका म्हणाले, "काय न्हाय साहेब, एकदम फर्स्ट क्लास." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग जूनमध्ये या म्हणाले.

सगळा दोष काकांवर टाकणार नाही. ते बोलले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रिया, मागच्या वेळी केस गेले, चव गेली, जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. ते सगळं पुन्हा नको वाटतं. वर्गात पोरींना सांगायचे, शंका आली की हात वर करा. आणि स्वतः हात मांडीखाली दाबून बसलेय.

कुणाला सांगू नकोस. काकांना नको आणि डॉक्टरांना तर मुळीच नको.

राजश्री


सोलापूर,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग तोंड धुऊन वॉर्डात गेले, कारण दुसरं काय करावं सुचेना.

तू म्हणालीस तसाच माणूस निघाला. त्यांचं नाव शरणप्पा. अक्कलकोटकडचे आहेत, गिरणीत कारकून होते, बायको रत्नम्मा आमच्याकडे केमो घेते. त्या दिवशी बाकावर कुणाकडे चष्मा नव्हता, कुणाला वाचता येत नव्हतं, कुणाला नुसता कंटाळा आला होता. शरणप्पांकडे पेन होतं. त्यांनी सगळ्यांचे कागद ओढून घेतले आणि एका दमात भरून टाकले. मी विचारलं, असं का केलंत. रागवायचं ठरवून गेले होते, पण ते इतक्या प्रेमाने सांगायला लागले की मला जमलंच नाही. म्हणाले, "मॅडम, कमी मार्क दिले तर दवाखान्याची तक्रार केल्यासारखं न्हाय का होत? सगळ्या चांगल्या बाया हायत. कुणाला कशाला नापास करायचं?" त्यांना तो आमच्या परीक्षेचा आणि बायकांच्या वागणुकीचा पेपर वाटला होता. दोन्हींत सगळ्यांना वरच्या नंबराने पास करून ते मोकळे झाले. बायकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरचा पुरुष माणूस नसेल तर शेजारच्या बाकावरचा बोलतो, एवढंच.

आता तुझं. हे लिहिताना माझा फोन समोर आहे आणि तुझ्या डॉक्टरांचा नंबर त्यात आहे. पाच मिनिटांचं काम. त्यांना सांगितलं की ते उद्या बोलावतील, काका तुला घेऊन येतील, तू मान डोलावशील. मग शरणप्पांत आणि माझ्यात फरक काय राहिला? तुझाही कागद मीच भरल्यासारखा होईल. म्हणून मी फोन करत नाही. हे किती जड जातंय ते तुला कळणार नाही.

पण नर्स म्हणून एवढं ऐक. गाठ निघाली म्हणजे तीच असते असं नाही. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या शेकानंतर साध्याही होतात. आणि तीच असेल तर लवकर कळण्यात सगळं आलं. जूनपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही. आई गेल्यापासून मला तूच आहेस, आणि मला तू हवी आहेस. महिनाअखेरपर्यंत मी गप्प बसेन. त्यापुढे मला जमणार नाही, आधीच सांगते.

बुद्धप्रिया


नातेपुते,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिया,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. वचन काही देत नाही. शाळेत मुलांना मुदत घालून द्यायचे, आता मला घालून देणारी निघाली.

काका अंगणात शेंगा फोडत बसलेत. पोरीनं काय लिहिलंय म्हणून विचारतायत. म्हटलं, प्रश्न. म्हणाले, मग सांग की उत्तर.

रागावू नकोस.

राजश्री


सोलापूर,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

रागावलेली नाही. रोज संध्याकाळी तुझ्या फोनची वाट बघते, काकांचाही चालेल.

तोवर इकडची बातमी सांगते, कारण ती तुझ्यामुळेच घडली. बत्तीस कागद बाजूला ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी नातेवाइकांना चहाला पाठवलं, एकेकीला खोलीत घेतलं, वाक्य मोठ्याने वाचलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसले. गप्प बसणं हे सगळ्यांत अवघड, तुझ्या शाळेत हा विषय असायला हवा होता. करमाळ्याकडच्या भीमाबाई आहेत, सत्तरीच्या. त्यांना म्हटलं, मागच्या वेळी सगळ्याला हो होतं, आज निम्म्याला नाही कसं? तर म्हणाल्या, "मागल्या टायमाला तू कुटं इचारलंस, बाय? कागदानं इचारलं. कागदाला कोन खरं सांगतंय?"

रत्नम्माने सातव्याला शेवटचा चौकोन धरला. दोन महिने बोटं बधिर आहेत, हातातून भांडी पडतात, आणि शरणप्पा तिला धांदरट म्हणतात. डॉक्टरांना सांगू का, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, मीच सांगते. तिने अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगितलं आणि डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण कमी केलं. परत जाताना डब्याची पिशवी शरणप्पांनी स्वतःच्या हातात घेतली.

आता उत्तरं वेगवेगळी येतायत. सिद्धेश्वरी मॅडमनी आकडे पाहिले आणि पहिल्यांदा मला खुर्चीवर बस म्हणाल्या. समितीपुढे जायला हरकत नाही. माझं वर्ष वाचलं, मावशी. त्याचा आनंद व्हायला पाहिजे तेवढा होत नाही, त्याचं कारण तुला माहीत आहे.

चार दिवस उरलेत. मुदत संपली तरी मी डॉक्टरांना फोन करणार नाही. ९ मार्चच्या रविवारी येतेय. बोलायला नाही येणार, शेजारी बसायला येणार.

तुझी,
बुद्धप्रिया


नातेपुते,
१ मार्च २०२५

प्रिय प्रिया,

काल फोनवर मी 'कॅन्सर नाही' एवढं म्हटलं आणि तू जी रडायला लागलीस ती थांबेचनास. मग मीही रडले. एवढ्यात बॅटरी संपली, तेव्हा बाकीचं सांगायचं राहिलं ते लिहिते. आज हात हलका आहे, चार पानं झाली तरी वाच.

तुझ्या मुदतीला भिऊन गेले असं समजू नकोस, थोडी भ्याले इतकंच. १८ तारखेला, मंगळवारी गेलो. तो दिवस मुद्दाम धरला, त्या दिवशी तुझे कॉलेजात तास असतात. तू भेटली असतीस तर आत आली असतीस, आणि आत आली असतीस तर तू बोलली असतीस. नाही म्हणू नकोस, मी तुला पाळण्यापासून ओळखते. काकांना फक्त तपासणी लवकर करायचीय म्हटलं. ते कसे लगेच 'चल' म्हणाले याचं तेव्हा जरा नवल वाटलं होतं. एरवी जूनची तारीख कागदावर दाखवत बसले असते.

सिस्टरने नाव पुकारलं, राजश्री नागनाथ, आणि नेहमीप्रमाणे आधी काका उठले. मी त्यांच्या दंडाला धरलं. म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा. आज मी सांगणार आहे." त्यांना आधी थट्टा वाटली. मग बसले. फाईल त्यांच्या हातातून ओढून घ्यावी लागली.

आत गेले आणि काय सांगितलं असेल? गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. झोप कमी लागते म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं, पुढच्या बाईचा कागद हातात घेतला. मी उठले, नमस्कार केला आणि दारापर्यंत गेले. बाहेर जाऊन काकांना काय सांगणार होते, तेही ठरलं होतं. कडीला हात लागला आणि मला माझी अशी काही लाज वाटली की मागे फिरून खुर्चीत बसले. म्हटलं, "साहेब, डिसेंबरात मी खोटं बोलले. मला गाठ लागतेय. चार महिने झाले."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, दाखवा. मग मॅडमनी तपासलं, सोनोग्राफी झाली, सुई घालून नमुना घेतला. सुईचं इतकं काही नाही, तुझ्या बायकांना सांग.

निकालाला नऊ दिवस लागले. बाहेर आल्यावर काकांना सगळं सांगितलं होतं. ते नऊ दिवस तुझे काका घरात आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. पोस्टमन आला तर पत्र घेऊन दार लावायचे. सकाळी चहा करून द्यायचे आणि समोर बसायचे. मला वाटलं, मी बाहेर बसवलं म्हणून रुसलेत. तुझं पत्रही त्याच दिवसांत आलं. उत्तर लिहायला घेतलं होतं, पण निकाल कळेपर्यंत काय लिहायचं?

परवा निकाल दिला. शेकामुळे तिथली चरबी कडक होऊन बसलीय, तिची ती गाठ. कॅन्सर नाही. डॉक्टर सांगत होते आणि मला काही ऐकूच येत नव्हतं. म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. म्हटलं, आणखी एकदा, सावकाश. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मग म्हणाले, बाई, या वेळी निघाली साधी, पण पुढच्या वेळी चार महिने थांबायचं नाही, चार दिवसांत यायचं. चांगलं दरडावून म्हणाले. मला ते फार आवडलं. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे, ती तारीख मी माझ्या वहीत लिहिलीय.

तुझ्या रत्नम्माला माझा नमस्कार सांग. मला वाटतं तिच्याशी माझं चांगलं जमेल. आणि शरणप्पांना फार बोलू नकोस. ते का, ते पुढे वाच.

स्टँडवर पंढरपूरच्या गाडीला अर्धा तास होता. बाकावर बसलो. काकांना निकाल दवाखान्यातच सांगितला होता, तेव्हा त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं होतं. मला राग यायला लागला होता, एवढ्या मोठ्या बातमीला नुसतं बरं? गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, माईकवर नावं चालली होती, आणि हा माणूस आपल्या चपलांकडे बघत बसलेला. मग खालीच बघत म्हणाले,

"मला ठाऊक हुतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

ऑपरेशनपासून माझा हात वर जात नाही, म्हणून खांद्याला तेल ते चोळतात, हे तुला माहीत आहे. धम्मचक्र दिनाच्या आठवड्यातच त्यांच्या हाताला ती गाठ लागली होती. त्यांना वाटलं, मला कळलेली नाही. मला वाटत होतं, त्यांना कळलेली नाही. चार महिने आम्ही दोघं एकाच घरात एकच गाठ एकमेकांपासून लपवत होतो. म्हणाले, "डॉक्टरनं तुला इचारलं, तवा तू सांगशील म्हनून मी आदीच बोललो. तू सांगितलं असतंस तर मला ते ऐकावं लागलं असतं."

प्रिया, मला त्यांच्यावर चिडायला हवं होतं. मी सगळा वेळ समजत होते की त्यांना माझं ऐकायची सवयच नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं, कारण विचारायच्या आत त्यांचं सांगून झालेलं असायचं. त्या दिवशी विचारलं. म्हटलं, भीती वाटली का हो?

गाडी लागली तरी ते उठले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "लई."

तुझी मावशी,
राजश्री